बिनगाठीची जोडपट्टी

सत्तरच्या दशकात आमच्या पेठेतल्या देवळात देवीच्या वस्त्राचा नवा ताणा जुन्या ताण्याला नेमका कोणाच्या हातांनी जोडला गेला, हा प्रश्न सोडवण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न लहान आहे. उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते. ते इतरांना मान्य करायला लावण्यासाठी मात्र तीन वर्षे लागली, आणि ती वर्षे मी कोणत्या भावनेने काढली हे आता लपवण्याचे कारण उरलेले नाही. ती भावना सुडाची होती. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, शब्द तोलून वापरण्याची मला सवय आहे, आणि हा शब्द मी तोलूनच वापरते आहे.

आधी प्रथा समजावून सांगते, कारण प्रथा कळल्याशिवाय अपराध कळणार नाही.

आमचे लोक विणकर. तीन पिढ्यांपूर्वी तेलुगू मुलखातून पायी सोलापुरात आले. येताना त्यांनी माग आणले आणि मागांबरोबर देवी आणली. देऊळ लहान होते, पण त्याचा एक नेम मोठा होता. नारळी पौर्णिमेला देवळाच्या मंडपात हातमाग लावायचा आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत देवीचे वस्त्र विणून पुरे करायचे. वस्त्र कापून घेतले की मागावर ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर शेपटी शिल्लक राहते. ती कापून टाकायची नाही. सोवळ्याच्या फडक्यात गुंडाळून वर्षभर मागावरच ठेवायची, आणि पुढच्या पौर्णिमेला नव्या ताण्याचा एकेक धागा त्या शेपटीच्या एकेका धाग्याला जोडायचा. अशा रीतीने देवीचे वस्त्र पहिल्या वर्षापासून आजपर्यंत एकच आहे, मधे कुठेही तुटलेले नाही, अशी आमच्या लोकांची श्रद्धा.

जिथे जुना आणि नवा धागा भेटतो, तो विणकामाचा पहिला चार बोटांचा भाग म्हणजे जोडपट्टी. दसऱ्याला ती वस्त्रापासून वेगळी करून तिचे तुकडे पाडत आणि हळदकुंकू लावून, लाल कापडाच्या पुरचुंडीत बांधून घरोघरी देत. पुरचुंडी देवघरात ठेवायची, उघडायची नाही.

जोडण्याचे दोन नियम होते. पहिला, जोडाला गाठ मारायची नाही. गाठी संसाराच्या असतात, देवीच्या अंगाला गाठ लागता कामा नये. मग जोडायचे कसे? बोटांना चाळलेली गोवरीची राख लावायची, दोन्ही धाग्यांची टोके चिमटीत धरायची आणि एकच पीळ असा द्यायचा की दोन धाग्यांचा एक व्हावा. पीळ नीट बसला तर विणून झाल्यावर जोड बोटालाही लागत नाही. दुसरा नियम असा की हे काम मानाच्या घरच्या सुनेने पडद्याआड करायचे, कारण त्या वेळी देवीचे जुने वस्त्र उतरवलेले असते. तो मान आमच्या घराचा होता. पणजीकडून तो माझ्या आजीकडे आला. आजीला आम्ही अव्वा म्हणत असू.

अव्वानंतर तो आईकडे यायला हवा होता.

आई जन्माने आमच्यातली नव्हती. तिचे वडील होटगीला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. तिच्या आजोबांनी गाव सोडताना ख्रिस्ती धर्म घेतला होता आणि ती मिशनच्या वसतिगृहात राहून सातवीपर्यंत शिकली होती. माझ्या वडिलांशी लग्न ठरले तेव्हा तिला याच देवळात, याच देवीसमोर विधिपूर्वक घेण्यात आले. ओंजळीत तीर्थ घालणारे गृहस्थ देवळाचे प्रमुख पंच होते. त्यांना सारी पेठ पेद्दय्या म्हणे, म्हणजे थोरले. तीर्थ देताना ते म्हणाले होते, "आजपासून तू आमची." हे वाक्य अव्वाने मला इतक्या वेळा सांगितले की पुढे माझ्या सुडाचा पाया तेच झाले.

अव्वाने सुनेची परीक्षा घेतली, ती मात्र वर्षभर. दुपारची भांडी झाली की ती आईपुढे सुताची दोन टोके धरी आणि म्हणे, "जोड." आई जोडी. अव्वा डोळे मिटून धागा बोटांतून ओढी आणि जोड लागला की सूत तोडून परत देई. वर्षाच्या शेवटी अव्वाला जोड सापडेनासा झाला. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "आता तुझ्या हाताला आमची भाषा आली."

तोंडालाही आली होती. आई स्वच्छ तेलुगू बोले. तरी पेद्दय्या तिच्याशी मुद्दाम मराठीत बोलत. देवळाच्या पायरीवर इतर साऱ्या सुनांना तेलुगूत हाक मारत आणि आईची पाळी आली की भाषा बदलत. हे मी लहानपणी पाहिले होते, पण त्याचा अर्थ फार उशिरा लावला.

अव्वाची बोटे संधिवाताने वाकली. शेवटची सात वर्षे तिला कुंकवाची चिमूट धरता येत नव्हती, हे पेठेतल्या बायका रोज पाहत होत्या. तरीही नारळी पौर्णिमेला ती पडद्याआड जाई, "मदतीला" म्हणून सुनेला आणि राखेची वाटी धरायला मला बरोबर घेई, आणि वस्त्र वेळेत पुरे होई. वाकलेल्या बोटांनी शेकडो धागे कोणी जोडले, असे कोणीही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

आई जोडताना गुणगुणे. चाल वसतिगृहातल्या सकाळच्या प्रार्थनेची होती. एकदा अव्वाने विचारले, "हे काय?" आई घाबरून गप्प झाली. अव्वा म्हणाली, "थांबू नको, हात थांबतात." मग अव्वाने त्या चालीवर देवीच्या आरतीचे शब्द बसवले. पडद्याबाहेर बसलेल्या बायकांनी ती चाल उचलली आणि दोन-तीन वर्षांत सायंकाळची आरती त्याच चालीवर होऊ लागली. पेद्दय्या सर्वांत मोठ्याने म्हणत. त्यांचा आवाज चांगला होता, हे मान्य करायला हवे.

अव्वा गेली त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला आई पहाटे न्हाऊन, राखेची वाटी घेऊन मंडपात गेली. मी बरोबर होते. तेव्हा मी अध्यापनाच्या अभ्यासक्रमाला होते. पडद्याच्या दोरीला आईने हात घातला तेवढ्यात पेद्दय्या सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाले, "सूनबाई, तू कांड्या भर. ताण्याला हात लावू नको."

कांड्या म्हणजे आडव्या धाग्याची लहान रिळे. त्या घरी बसून कोणीही भरते.

आई तेलुगूत म्हणाली, "मान आमच्या घराचा आहे."

"घराचा आहे, कबूल आहे. पण घरात तू बाहेरून आलीस. पाणी घातलं म्हणून रोप त्या मातीचं होतं का?"

कोणीतरी हसले. कोण, ते मला ठाऊक आहे. इथे सांगत नाही.

आईने राखेची वाटी पायरीवर ठेवली आणि घरी येऊन कांड्या भरायला बसली. वडिलांचा यंत्रमागावर पहिल्या पाळीचा दिवस होता. ते अक्कलकोट रोडवरून दुपारी सायकलीने आले, ऐकून घेतले, हात धुतले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." वडील भले होते. भल्या माणसांकडून सूड उगवला जात नाही, हे मला त्या दुपारी कळले.

मान पेद्दय्यांनी आपल्या घराकडे घेतला. त्यांच्या सुनेने हातमाग फक्त देवळात पाहिलेला होता. घरात यंत्रमाग येऊन बरीच वर्षे झाली होती. यंत्रमागावर धागा तुटला की पटकन गाठ मारतात आणि पट्टा चालू करतात, पीळ द्यायला तिथे कोणाला सवड नसते. मी अंगणात अभ्यासाला बसले होते आणि देवळातला माग ऐकत होते. माग चालला की त्याची लय असते. त्या दिवशी तो चार-चार ठोक्यांवर थांबत होता. आतून आई चरखा न थांबवता म्हणाली, "गाठी हायती. फणीत अडकत्यात."

फणी म्हणजे मागावरचा बारीक दातांचा कंगवा. प्रत्येक धागा त्याच्या दातांतून जातो. पिळलेला जोड त्यातून सरकतो, गाठ अडकते आणि धागा तुटतो.

दसऱ्याला पुरचुंडी आमच्या घरीही आली. मी ती उघडली. हे पाप असेल तर ते माझ्या नावावर आहे. जोडपट्टीचा तुकडा उलटा केला, उलट्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तांदळाच्या कण्यांवरून फिरवावा तसा तो खरखरत गेला. मग देवघरातली मागच्या वर्षीची पुरचुंडी उघडली. तिथे काहीच लागले नाही. कापड, आणि पुढे कापड.

"आई, हे बघ."

तिने पाहिले नाही. "बांधून ठेव. उघडायची नसती."

"म्हणजे हे असंच चालू द्यायचं?"

"देवीला दिसतंय की."

"देवी बोलत नाही, आई."

"तू लई बोलतीस," आई म्हणाली आणि हसली. मला हसू आले नाही. त्या दिवशी मी एक शाळेची वही घेतली, तीत रकाने आखले आणि दोन्ही तुकड्यांबद्दल जे अंगठ्याला कळले ते लिहून ठेवले. सुडाला वही लागते. नुसत्या रागाने माणूस पहिल्याच दिवशी बोलून मोकळा होतो आणि समोरच्याला सावध करतो. मला पेद्दय्यांना सावध करायचे नव्हते.

याच सुमारास दुष्काळामुळे तेलुगू मुलखातून नवी कुटुंबे सोलापुरात आली. त्यांतले एक जोडपे आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहिले. नवरा यंत्रमागावर लागला. बायकोला आम्ही अक्का म्हणू लागलो. जातीने ते आमचेच, देवीही तीच, तरी जुन्या घरांनी त्यांना हातभर लांब ठेवले. त्यांची तेलुगू गावठी वाटे, बायकांची नेसण वेगळी वाटे. ज्यांचे आजोबा स्वतः पायी आले होते, त्यांची नातवंडे या नव्यांना "बाहेरचे" म्हणत. पेद्दय्यांनी देवळाच्या जेवणावळीत नव्या लोकांसाठी शेवटची पंगत ठरवून दिली, दारापाशी, चपला काढतात तिथे. अव्वा गेल्यापासून आईचे पानही तिथेच मांडले जाई.

इथे पेद्दय्यांची चूक झाली. ज्या दोघी एरवी एकमेकींशी बोलल्या नसत्या, त्यांना त्यांनी शेजारी बसवले. पहिल्याच पंगतीत अक्काने आईच्या बोटांकडे पाहून विचारले, "तुमच्या अंगठ्याला घट्टा कसला? कांड्यांचा तर नाही." आईने हात पदराखाली घेतला. अक्काने स्वतःचा अंगठा पुढे केला. तसाच घट्टा होता, त्याच जागी. तिच्या गावी धागे असेच राखेने जोडत.

पुढची दोन वर्षे मी काहीही केले नाही, फक्त नोंदले. दर दसऱ्याला पुरचुंडी उघडली, अंगठा फिरवला, लिहिले, पुन्हा बांधली. दरम्यान मला नगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागली. मुलांना मी शिकवे की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. तोच नियम मी स्वतःला लावला. अव्वाच्या शेवटच्या सात वर्षांचे सात तुकडे देवघरात होते. सातही गुळगुळीत निघाले. पेद्दय्यांच्या घराने जोडलेले तिन्ही खरखरीत निघाले.

तिसऱ्या वर्षी धागे इतके तुटले की सूर्य मावळला तेव्हा वस्त्र अपुरे होते. नेम मोडता येत नाही म्हणून होते तेवढेच कापले. देवीला नेसवले तर ते घोट्यापर्यंत पोचेना. बायका खालमानेने कुजबुजल्या. पेद्दय्या म्हणाले, "यंदाचं सूत वाईट." सूत नेहमीच्याच व्यापाऱ्याकडचे होते.

चौथ्या वर्षी, श्रावण लागल्यावर एका दुपारी पेद्दय्या आमच्या वाड्याच्या बोळात आले. आमच्या दारावरून पुढे गेले आणि अक्काच्या दारात थांबले. मधली भिंत पत्र्याची होती. मी शाळेच्या वह्या तपासत होते, म्हणून जे ऐकले ते जसेच्या तसे सांगते. बोलणे तेलुगूत झाले.

"तुमच्या गावाकडं बिनगाठीचं जोडतात म्हणे."

"जोडतात."

"मग यंदा तू बस."

"मी कुठं बसणार, पेद्दय्या? माझी जागा चपलांपाशी आहे."

"अगं, ती जागा वाऱ्याची म्हणून दिली तुम्हाला."

"वारा येतो खरा," अक्का म्हणाली. "वासासकट येतो."

पेद्दय्या हसले. गरज असलेला माणूस हसतो तसे हसले. अक्काने विचार करून सांगते म्हणून त्यांना वाटेला लावले आणि ती सरळ माझ्याकडे आली.

"काय सांगू?"

"हो म्हणा," मी म्हणाले. "आणि बसण्याआधी मागच्या वर्षीची जोडपट्टी बघायला मागा. सगळ्यांसमोर."

"ती मी मागणारच. आधीचा पीळ उजवा की डावा ते बघितल्याशिवाय जोडू कशी?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. "मास्तरीणबाई, तुमच्या पोटात काय आहे?"

मी वही उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हते. मी पुरचुंड्या सोडल्या आणि कोणत्या वर्षीचा तुकडा कोणी जोडला ते सांगितले. तिने एकेका तुकड्यावरून अंगठा फिरवला. शेवटी गुळगुळीत तुकडा उचलून म्हणाली, "ही बाई दर पंगतीला माझ्या शेजारी जेवते आणि मला बोलली नाही."

आईला आम्ही काही कळू दिले नाही. तिने थांबवले असते.

पौर्णिमेच्या सकाळी मंडप भरला होता. पडदा लावला होता, राखेची वाटी ठेवली होती. ती आईचीच होती, त्या वर्षी पायरीवरून कोणीतरी उचलून देवळात ठेवलेली. अक्का न्हाऊन आली, बसली, आणि म्हणाली, "मागची जोडपट्टी द्या. पीळ बघते."

पेद्दय्या म्हणाले, "पीळ नेहमीचाच आहे."

"नेहमीचा म्हणजे कुठला?"

"उघडायची नसते ती. नेम आहे."

"आमच्या गावी नेम असा आहे की बघितल्याशिवाय जोडायचं नाही."

"हे तुमचं गाव नाही," पेद्दय्या म्हणाले. मंडपातल्या नव्या कुटुंबांनी हे ऐकले आणि त्यांची हालचाल मला जाणवली.

मी पिशवीतून पुरचुंडी काढली. "आमच्या देवघरातली आहे," मी म्हणाले. "ही मी गेल्या दसऱ्यालाच उघडलेली आहे. दोष मला लागू द्या." आणि अक्काच्या हातात दिली. तिने तुकडा उलटा केला, अंगठा फिरवला आणि शेजारच्या बाईकडे दिला. त्या बाईने फिरवला आणि पुढे दिला. मंडपात जवळजवळ प्रत्येक बाई विणकराच्या घरात वाढलेली. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. तुकडा अशा रीतीने साऱ्या बायकांच्या हातांतून फिरला, आणि मी पेद्दय्यांच्या तोंडाकडे पाहत होते. दुसरीकडे एकदाही पाहिले नाही.

मग मी अव्वाच्या वर्षांतला तुकडा दिला. तोही तसाच फिरला.

"हा कोणी जोडला?" मी विचारले. वर्गात विचारतात तशा आवाजात.

"तुझ्या आजीनं," पेद्दय्या म्हणाले.

पुढच्या रांगेत एक वृद्ध बाई बसली होती. अव्वाला कुंकू लावून देण्याचे काम शेवटची वर्षे तिनेच केले होते. ती हळूच म्हणाली, "तिला तर चिमूट धरता येत नव्हती."

सूर्य वर आला होता. मागाला हात लागलेला नव्हता. सूर्यास्ताची वेळ कोणासाठी थांबणार नव्हती, आणि आता देवीला वस्त्र मिळते की नाही हा प्रश्न उघडा पडला होता. पेद्दय्यांनी अक्काकडे पाहिले. ती म्हणाली, "एकटीनं आता वेळेत होणार नाही. हा जोड जिनं केला ती शेजारी बसली तर होईल."

"सूनबाईला बोलवा," पेद्दय्या म्हणाले. कोणीतरी उठू लागले.

"नाही," मी म्हणाले. "तीर्थ तुम्ही दिलं होतं. बोलावणंही तुम्ही करा. आणि तेलुगूत करा."

वयाने ते माझ्या वडिलांहून मोठे होते. असे बोलणे आमच्यात शोभत नाही. मला ते तेव्हा शोभले आणि आजही खेद वाटत नाही. ते उठले, राखेची वाटी उचलली आणि बोळातून चालू लागले. मागे सारा मंडप. दोन्ही बाजूंच्या दारांतून लोक बघत होते. मी त्यांच्या मागे तीन पावलांवर होते आणि ती तीन पावले मी शेवटपर्यंत राखली.

आई चरख्यावर कांडी भरत होती. पेद्दय्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "रा, कोडला." म्हणजे, ये सूनबाई. लग्नापासून इतक्या वर्षांत प्रथमच.

आईने वर पाहिले, त्यांच्या हातातली वाटी पाहिली, मागची माणसे पाहिली, मला पाहिले. मग चरख्याकडे वळून हातातली कांडी पूर्ण भरली. एका कांडीला किती वेळ लागतो ते विणकरांना ठाऊक आहे. पेद्दय्या तेवढा वेळ उन्हात उभे राहिले. कांडी टोपलीत टाकून आई उठली, माठातले पाणी तांब्यात घेतले आणि त्यांच्यापुढे धरले. आई घरात आल्यापासून आमच्या घरचे पाणी त्यांनी कधी घेतले नव्हते. त्यांनी तांब्या घेतला आणि प्यायले. मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होत नसावा.

दोघी शेजारी बसल्या, आई शेपटीच्या उजव्या कडेने, अक्का डाव्या कडेने, आणि मधे भेटल्या. आई गुणगुणू लागली. अक्काला ती चाल देवळातली आरती म्हणूनच माहीत होती. तिने साथ दिली. नंतर माग चालू झाला तो संध्याकाळपर्यंत एकसारखा चालला. मी अंगणात बसून त्याचे ठोके ऐकले. सूर्य मावळायच्या आत वस्त्र पुरे झाले आणि देवीच्या पावलांवर टेकले.

माझ्या मते हिशेब तिथे संपला होता. पण त्या संध्याकाळी आई विहिरीपाशी हातांची राख धुताना म्हणाली, "दसऱ्याला उजव्या कडेचा पहिला तुकडा कुणाकडं जातो गं?"

"पेद्दय्यांकडे. नेहमीच."

"त्यात एक गाठ हाय."

मला कळेना. "चुकून राहिली?"

"न्हाय."

"मग?"

"तीन वर्षं त्यांनी सगळ्यांच्या देवघरात गाठी ठिवल्या," आई म्हणाली. "एक त्यांच्याकडं ऱ्हाऊ दे."

"आणि नेम?"

"देवीला सांगितलंय मी. जोडताना." तिने पदराला हात पुसले आणि आत गेली. तीन वर्षे वही भरून मी जे केले, ते तिने एका धाग्यात केले होते, आणि कोणाला दुखवल्याचे दिसूही दिले नव्हते. मी तिला शांत समजत होते. निरीक्षणात माझी ही चूक झाली होती.

त्यानंतर देऊळ बदलले, पण हळूहळू. जोडण्याला आई आणि अक्का दोघी बसू लागल्या. पुढे आणखी एक सून आली, ती दुसऱ्या धर्मातून. तिला दोघींनी वर्षभर सूत जोडायला लावले आणि डोळे मिटून तपासले. शेवटची पंगत कोणी रद्द केली नाही. जुन्या घरांतल्या काही बायका आपणहून तिथे बसू लागल्या, कारण बोलणे तिथे चाले, आणि पेद्दय्यांच्या पंगतीत जागा रिकाम्या दिसू लागल्या. वारण्याच्या आदल्या वर्षापर्यंत पेद्दय्या मिशनच्या चालीवर आरती म्हणत राहिले. ती चाल कोठून आली हे त्यांना मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी ती बंद केली असती, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकण्याचे माझे समाधान गेले असते. मी त्यांना क्षमा केलेली नाही. आईने केली की नाही, ते त्या गाठीवरून ज्याने त्याने ठरवावे.

आता उत्तर लिहिते. अव्वाची शेवटची सात वर्षे ताणा माझ्या आईने जोडला. नंतरची तीन वर्षे पेद्दय्यांच्या घराने, गाठी मारून. त्यापुढे आईने आणि अक्काने. म्हणजे जे वस्त्र अखंड राहिले असे आम्ही म्हणतो, ते बाहेरून आलेल्या दोन बायांनी अखंड ठेवले, आणि जिथे ते गाठाळले तिथे हात जुन्या घराचा होता. पडद्याआड काय झाले याची साक्षीदार आता मी एकटी उरले आहे, आणि मी निःपक्षपाती नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुमच्या देवघरात त्या वर्षांच्या पुरचुंड्या असतील तर हात धुवून त्या सोडा. तुकडा उलटा करा, डोळे मिटा आणि अंगठा कडेपासून कडेपर्यंत सावकाश फिरवा. पेद्दय्यांच्या घरच्यांनी चौथ्या वर्षीच्या तुकड्याची उजवी कडही बघावी. जे लागेल ते लिहून ठेवा, आणि माझे चुकले असेल तर मला कळवा.